तेल प्यायलेली बुबिंगा

करंजाडे, पनवेल
६ ऑक्टोबर २०१३

दादूस,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं ते कागदावर होतं म्हणून. "बुबिंगाची बॉडी पाठव. बाकी काही नको. कल्पेश." दोन वर्षांनी भावाने बहिणीला लिहिलेला मजकूर एवढाच. "कशी आहेस कोमल" एवढं लिहायला बंगळुरात शाई मिळत नाही का?

फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस, म्हणून मीही पत्रच लिहितेय. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागेल, हा त्यातला फायदा.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. आपला गिटारी बनवायचा गाळा चालू आहे. पिकअपच्या चुंबकांवर तार गुंडाळणं, टोनची सर्किटं जोडणं, सगळं मीच करते. लाकडाचं काम ओवे गावच्या एका सुताराला देते. तुझ्याइतका हात नाही त्याचा, पण तो सांगितलेलं ऐकतो, हे तुझ्यापेक्षा बरं. गिऱ्हाइकं तशीच आहेत. प्रत्येकाला परदेशी लाकूड हवं आणि नॉब जितके जास्त तितके थोडे. परवा एकाने बेस गिटारवर पाच नॉब मागितले. वाजवून दाखव म्हटलं तर दोनच तारांवर फिरत होता.

बाबा बरे आहेत. तेही तू विचारलेलं नाहीस. उलव्याकडची आपली खाडी भरून झाली, तिथे आता डंपर फिरतात. बाबा त्या बाजूला जात नाहीत. दिवसभर गाळ्याच्या मागच्या भागात बसतात, काहीबाही करत असतात.

तुझी बॉडी, बेसचं ते लाकडी धड, इथेच आहे. न्हावा बंदरात जहाजातला माल सरकू नये म्हणून लावलेल्या लाकडांत ती आफ्रिकेतल्या बुबिंगाची फळी तू ओळखलीस, हमालांना चहा पाजून घरी आणलीस, वाळवलीस आणि अर्धी कोरून टाकून गेलास, हे सगळं माझ्या लक्षात आहे. पाठवते. फक्त लगेच नको म्हणूस. चांगला खोका मिळायला हवा, आणि दिवाळीच्या दिवसांत ट्रान्सपोर्टवाले सामान कसं फेकतात ते तुला माहीत आहे. थोडं थांब.

तुझी,
कोमल

---

११ नोव्हेंबर २०१३

दादूस,

"फळी विकलीस का?" एवढं विचारायला तू दुसरं पत्र लिहिलंस. नाही, विकली नाही. खोके मिळत होते आणि ट्रान्सपोर्टही चालू होता. मी खोटं बोलले. आता खरं सांगते आणि मग तुला काय ओरडायचं ते ओरड.

बाबांनी तिला तेल दिलंय.

कसलं ते तू ओळखलंच असशील. होडीला देतात ते, मुशी माशाच्या काळजाचं. लहानपणी त्याच्या वासाने तू ओकायचास आणि आई तुला आल्याचा तुकडा चोखायला द्यायची.

नारळी पुनवेच्या आधी बाबा होडी पालथी घालून खरवडायचे, तेल द्यायचे, मगच ती पाण्यात जायची. होडी आधीच गेली होती, यंदा खाडीही नाही. मला वाटलं, त्या दिवसांत ते अगदी गप्प होतील, त्यांना जपावं लागेल. पण ते तर मागे बसून गुणगुणत होते! मी इतकी खूश झाले की मागे जाऊन बघितलंसुद्धा नाही. उरणहून पनवेलच्या बाजारात मासळी आणते ती गुणाबाई त्यांना तेलाचा कॅन देऊन जायची. मी समजले, गुडघ्यांना चोळायला असेल. मग वास इतका वाढला की एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं, तेव्हा मी मागे जाऊन फडकं बाजूला केलं. फळी काळपट झालेली, हात लावला तर चिकट. सगळीकडून, आतल्या खाचांतून, पिकअपच्या खळग्यातून तेल मुरलेलं.

"बाबा, हे काय केलं?" मी विचारलं.

"कल्पेशची फली हाय," ते म्हणाले. "नुसती पडून होती. कडेला चिरायला लागलेली. आता नाय चिरायची. तेल पिलं का लाकूड मरत नाय. आत परेन गेलंय, बग."

आणि मग हळूच म्हणाले, "त्याला सांगू नको आदी. येल तवा बगल."

दादूस, दोन वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. तू त्यांच्या होडीच्या तळाचा वासा कापून दोन बेस केलेस, आणि "माजा पोऱ्या नाय तू" असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, त्या दिवसापासून तू घरात "तो" होतास. "त्याचा टी-शर्ट", "त्याची सायकल". होडी चिखलात कुजतच होती, ते बेस उत्तम वाजले, तुझं सगळं म्हणणं मला पटलं होतं. पण होडी त्यांची होती, हेही खरं, म्हणून तेव्हा मी तुझी बाजू घेतली नाही आणि तू माझ्याशीही बोलणं तोडलंस. असो. त्यांच्या तोंडून "कल्पेश" ऐकलं आणि मी ओरडायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्यानंतरही ते तेल देतच राहिले. मी अडवलं नाही. कशी अडवणार होते, तूच सांग.

कोमल

---

२२ डिसेंबर २०१३

दादूस,

तुझ्या शिव्या पोचल्या. त्यातल्या बऱ्याचशा बाबांच्याच आहेत, म्हणजे अजून घरचं काहीतरी वापरतोस म्हणायचं. "जाळून टाक ती" असं शेवटी लिहिलंयस. नाही जाळणार. त्या तेलाने पेटली तर अख्खं करंजाडे जेवायचं थांबेल.

जे जे करता येईल ते करून पाहिलं. उन्हात ठेवली. मुलतानी मातीचा लेप दिला, एका दिवसात मातीच तेलकट झाली. थिनरने पुसली, वरून कोरडी झाली आणि दुसऱ्या दिवशी आतून पुन्हा पाझरली. लॅकर मारलं तर ते वाळतच नाही, बोट लावलं की ठसा. नेक, तारांखालची ती लांब दांडी, चिकटवायला गेले, सकाळी तो हातात आला. ओव्याचा सुतार म्हणाला, "ताई, या लाकडाला आता गोंद धरणार नाही," आणि हात धुवायला गेला तो साबण संपवूनच आला.

बाबांनी विचारलं, फळी कुठे नेलीस. मी सांगून टाकलं, कल्पेशसाठी बेस करतेय. मग काय विचारतोस! होडीचं लाकूड तासायचा वाकस काढला, धार लावली, आणि तू कोरून ठेवलेल्या कडा होडीच्या पोटासारख्या गोल करून टाकल्या. दिसायला सुंदर झाल्या, हे मी मुद्दाम लिहितेय. नेकही त्यांनीच आरपार बोल्ट मारून बसवला. "गोंदावर कोन इस्वास ठेवतो," म्हणाले.

आता तुझं-माझं जुनं भांडण. तू म्हणायचास, बेसचा आवाज लाकडात असतो. मी म्हणायचे, पिकअप आणि सर्किट चांगलं असलं तर जेवणाच्या पाटावर तारा लावून देईन, कोणाला कळणार नाही. लोक या वादावर तासन्तास बोलतात आणि मी दरवेळी तुला गप्प केलं होतं. म्हणून मनात म्हटलं, लाकूड गेलं तर गेलं, माझं काम अजून बाकी आहे.

माझ्याकडचे सगळ्यात चांगले पिकअप लावले. तारा चढवल्या. वाजवलं तर आवाज नुसता ढब, ढब. ओल्या गोणीवर धपाटे घालावेत तसा. टोनचा नॉब पूर्ण उघडला. पण तो नॉब करतो काय? वरचा आवाज कापतो. पूर्ण उघडला म्हणजे कापायचं थांबवलं, इतकंच. कपॅसिटर बदलले, पॉट बदलले. शेवटी बॅटरीवरचा प्रीअँप घातला, ट्रेबल वेगळा, मिड वेगळा. ट्रेबल वाढवला की खरखर वाढते, सूर वाढत नाही. लाकडातून आलंच नाही ते मी कुठून वाढवून देऊ?

तू जिंकलास. मला तुझ्यासमोर हरायचं होतं, असं एकटीने गाळ्यात बसून नाही.

कोमल

---

१९ जानेवारी २०१४

दादूस,

बेस परवा निघाला. खोका बाबांनी बांधलाय, जाळं विणतात तशा गाठी घातल्यात. सोडवत बसू नकोस, सरळ काप.

पाठवायच्या आधी त्यांनी वाजवायला लावला. होडीच्या फटींत कापूस ठोकून ठोकून त्यांचे कान गेलेत, बारीक आवाज त्यांना पोचतच नाहीत. अँपच्या लाकडी पेटीवर हात ठेवून उभे राहिले. मी सगळ्यात जाड तार वाजवली. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी वाजवतच राहिले, बोटं दुखेपर्यंत.

"घुमतंय," म्हणाले. "त्याला आवडल."

म्हणून एक मागते. तू पहिलीच तार छेडशील आणि तुला कळेल, हा बेस कुठल्याही स्टेजवर नेता येणार नाही. कपाटामागे ठेव, वाटल्यास कुणाला देऊन टाक. पण बाबांना एक फोन कर आणि छान झालाय म्हण. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. त्यांचा जीव टांगणीला लागलाय. खोका गेल्यापासून फोन उशाशी घेऊन बसलेत आणि मला विचारतात, "तिकडं रेंज आसल ना?"

तुला खोटं बोलायला जमत नाही हे मला ठाऊक आहे. घरात तेवढं एक काम नेहमी मीच करत आलेय. या वेळी माझ्यासाठी कर.

कोमल

---

९ फेब्रुवारी २०१४

दादूस, माझ्या दादूस,

केलास! आणि केवढा वेळ बोललास!

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळं मी ऐकलं. "बाबा, एक नंबर झालाय," इथवर ठीक. पण "तेलाने लाकूड मोकळं झालं, असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता," हे मी कुठे सांगितलं होतं? हे तुझं पदरचं. जमत नाही जमत नाही म्हणता म्हणता चांगलाच तयार झालास की.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ हसत बसले होते. मग खाली जाऊन वॉचमनला सांगून आले, मग किराणावाल्याला. संध्याकाळी गुणाबाई आली तर तिलाही, "माज्या पोऱ्याला आवडलं. तो बोलला, तेलानंच आवाज आला." तिने मला डोळ्यांनी विचारलं. तिच्या मनात शंका होती, कारण तिने मला त्या फळीपाशी रडताना पाहिलंय. मी मान हलवली, हो म्हणून.

रात्री ते नीट जेवले. मागून भात घेतला. मीही जेवले. आपण तिघांनी मिळून एक चांगली गोष्ट केली असं मला वाटलं आणि अजूनही वाटतंय.

होळीला येशील का? त्यांनी विचारायला सांगितलं नाहीये. मीच विचारतेय.

तुझी कोमल

---

१६ मार्च २०१४

दादूस,

गेल्या रविवारी तू फोन केलास, बाबांनी तो न बोलता माझ्या हातात दिला आणि मी तुला "झोपलेत" म्हणाले. झोपले नव्हते. समोर बसले होते, माझ्याकडे बघत. आज होळी आहे, तू आलेला नाहीस, आणि काय झालं ते तुला कळायला हवं.

तुझ्या फोननंतर मी जरा बेसावध झाले. ते मागे बसायचे, गुणगुणायचे, आणि मला वाटायचं, सुखात आहेत. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने स्वतःची काळी एबनीची फळी आणून दिली होती, त्याच्या वडिलांनी इंडोनेशियातून आणलेली. बाबांनी तिला तेल दिलं. माझ्या शिसवीच्या फळ्यांनाही दिलं. नेकवर लावायच्या फ्रेटबोर्डसाठी ठेवलेल्या पट्ट्या तर डब्यात बुडवूनच ठेवल्या होत्या, लोणच्याच्या फोडींसारख्या. मी गाळ्यात शिरले तेव्हा शेवटच्या फळीवरून फडकं फिरवत होते. मला बघून म्हणाले, "सगली मोकली करून टाकली. आता बग कशी वाजतात."

माझा तोल गेला. मी ओरडले. जे मी इतके महिने गिळून बसले होते ते सगळं बाहेर आलं. तेलाने लाकूड मरतं, बाबा. कल्पेशची फळी फुकट गेली. तो बेस वाजत नाही. ढब ढब करतो. कुणी हात लावणार नाही त्याला.

ते फडकं हातात धरून उभे राहिले.

"मंग तो फोनवर बोलला ता?"

"मी बोलायला सांगितलं होतं."

"त्याला ठावं होतं? लाकूड गेलं ता?"

"पहिल्यापासून. मीच लिहिलं होतं त्याला."

"आन् मना कायच नाय बोलला? एक शिवीपन नाय?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, बाबा."

मला वाटलं, आता ते रडतील, किंवा माझ्यावर धावून येतील. दोन्हीसाठी मी तयार होते. ते खाली बसले आणि हात पुसत राहिले. मग म्हणाले,

"व्होडी कापली तवा आमी किती भांडलो. जेवताना भांडलो, रस्त्यात भांडलो. मी त्याला बोललो, तो मना बोलला. त्याला वाटायचं, बापाला कलतं, म्हनून भांडायचा. आता गोड बोलतो. येड्या मान्साशी बोलतात तसा. दोगंपन बोलता." फडकं खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे मी गेलो ना आता."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. तसं नाही, बाबा. त्याचा जीव आहे तुमच्यावर. मी ज्या सुरात हे बोलत होते तो सूर माझ्याच कानावर आला आणि मी गप्प झाले. तोच सूर होता, दादूस. लहान पोराला समजवावं तसा.

त्या दिवसापासून ते गाळ्यात येत नाहीत. वाकस मला देऊन टाकला, ओव्याच्या सुताराला दे म्हणाले. जेवायला वाढलं तर जेवतात. चांगलं झालंय का विचारलं की "चांगलंय" म्हणतात. परवा भाजीत मीठ टाकायचं मी विसरले होते, तरी "चांगलंय" म्हणाले. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय ज्या माणसाचा घास उतरत नसे, तो माणूस!

ठाण्याच्या गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवू, ते माझं मी बघेन. पण घरातलं माझ्या हातून काही होत नाही. मी माफी मागितली तर ते "बरं" म्हणतात. मी गप्प राहिले तर तेही गप्प. तुझ्याकडे खोटं मीच मागितलं, आणि परत कसं घ्यायचं ते मला कळत नाही. मी हात टेकले.

म्हणून तू ये. फोन नको, तो ते घेणार नाहीत. बेस घेऊन ये. त्यांच्यासमोर आपट आणि विचार, माझ्या लाकडाचं काय करून ठेवलंत? आवाज चढव. जिन्यातले लोक दारं उघडतील, उघडू देत. ते होडीचं काढतील, तेव्हा पडतं घेऊ नकोस. म्हातारे झालेत म्हणून एक शब्दही गिळू नकोस. मला लिहिल्या होत्यास त्या सगळ्या शिव्या त्यांना दे.

मी मध्ये पडणार नाही. ताटं वाढीन आणि बाजूला बसेन. तुम्ही दोघं जेवण टाकून उठलात तरी मी उठवायला येणार नाही.

कोमल